चुकलेली घडी : गरोदरपणातल्या बीपीचं मूळ वारेत कसं सापडतं

सातवा महिना संपत आलेला. मागच्या तपासणीपर्यंत सगळं व्यवस्थित. आणि आज अचानक बीपी १५०/१००, लघवीत प्रथिनं, डोकं ठणकतंय. डॉक्टर लगेच दाखल व्हायला सांगतात. घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, 'गोळ्यांनी बरं होईल ना?' त्यावरचं उत्तर बहुतेकांना बुचकळ्यात टाकतं. गोळ्यांनी बीपी आटोक्यात राहील, पण आजार जायचा तर बाळंतपण व्हावं लागेल. बाळ तर बाहेर यायला हवंच, पण खरं म्हणजे वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारी प्लॅसेंटा, बाहेर यायला हवी.

बीपीच्या आजारावर बाळंतपण हा उपाय कसा काय? बिघाड रक्तवाहिन्यांत आणि मूत्रपिंडांत दिसतोय, मग वार निघाल्यानं तो का जावा?

या आजाराचं नाव प्रीएक्लॅम्प्सिया. गरोदरपणाचे २० आठवडे उलटल्यावर पहिल्यांदाच बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर गेलं, आणि सोबत लघवीतून प्रथिनं जाऊ लागली किंवा यकृत, मूत्रपिंडं, मेंदू, प्लेटलेट यांपैकी कशावर परिणाम दिसला, की हे निदान होतं. जगभरात शंभरातल्या साधारण २ ते ८ गरोदर स्त्रियांना तो गाठतो. बळावला तर आकडी येते, तिला एक्लॅम्प्सिया म्हणतात. हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ लखकन चमकणं. वीज कोसळावी तशी आकडी येते म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दर वर्षी ४० हजारांहून जास्त स्त्रिया यात दगावतात.

अलीकडे या आजाराच्या बातम्यांत नवे शब्द दिसू लागले आहेत. वारेतल्या पेशींवरचा ताण, घडी चुकलेली प्रथिनं, कधी कधी तर थेट 'अल्झायमरसारखी प्रक्रिया'. वाचणारा यातला 'ताण' तेवढा उचलतो आणि आधीच घाबरलेल्या बाईला सुनावतो, 'तू टेन्शन घेतलंस ना, म्हणून हे झालं.' तेव्हा पुढे जाण्याआधी एवढं स्पष्ट असू द्या की इथे ताण आईच्या मनाचा नाही. तो वारेतल्या पेशीचा आहे, आणि पेशीला काळजी करता येत नाही.

बाळ नसतानाही हा आजार होतो

संशय वारेवर कसा गेला याची गोष्ट जुनी आहे. द्राक्षगर्भ नावाचा एक प्रकार असतो. गर्भधारणा होते, पण गर्भाशयात वारेच्या ऊतीचे द्राक्षांच्या घोसासारखे फुगे वाढत जातात, आणि पूर्ण द्राक्षगर्भात बाळ नसतंच. तरीही अशा स्त्रीला प्रीएक्लॅम्प्सिया होऊ शकतो, तोही कधी कधी २० आठवड्यांच्या आत. म्हणजे हा आजार व्हायला बाळ लागत नाही, वार लागते. आणि वार निघाली की बहुतेक जणींचं बीपी काही दिवसांत किंवा आठवड्यांत उतरतं. आरोपी कोण हे त्यामुळे बऱ्याच आधी ठरलं होतं. गुन्हा नेमका कसा घडतो, ते कळायला मात्र फार वेळ लागला.

आधी वारेची ओळख

वार हा शरीरातला एकमेव अवयव असा की जो कामापुरता उगवतो आणि काम संपलं की टाकून दिला जातो. बाळंतपणाच्या वेळी तिचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास असतं. आत झाडाच्या फांद्यांसारखे असंख्य तंतू असतात आणि ते आईच्या रक्तात बुडालेले असतात. या सगळ्या तंतूंचा पृष्ठभाग उलगडून पसरला तर १० चौरस मीटरहून जास्त भरेल. बाळाचं रक्त तंतूंच्या आत, आईचं बाहेर. दोन्ही मिसळत नाहीत. ऑक्सिजन आणि अन्न मधल्या पातळ थरातून पलीकडे जातं.

या थराकडे जरा लक्ष द्या, कारण पुढचं सगळं नाट्य इथेच घडतं. असंख्य पेशी एकमेकींत विरघळून हा थर बनतो. मधल्या भिंतीच नाहीत. वारेभर पसरलेली जणू एकच अजस्र पेशी. आणि ती नुसती गाळणी नाही. गरोदरपण टिकवणारी संप्रेरकं ती बनवते. त्यातलं प्लॅसेंटल लॅक्टोजेन हे एकच प्रथिन शेवटच्या आठवड्यांत दिवसाला ग्रॅमच्या हिशेबात आईच्या रक्तात सोडलं जातं. ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतो, पण बहुतेक संप्रेरकं शरीर याच्या हजारपटींनी कमी मापात बनवतं. म्हणजे हा थर दिवसरात्र चालणारा प्रथिनांचा कारखाना आहे, आणि दिवसरात्र चालणाऱ्या कारखान्याला कच्च्या मालाचा आणि विजेचा खंड परवडत नाही.

घडी म्हणजे नेमकं काय

प्रथिन म्हटलं की आपल्याला आहार आठवतो. पेशीच्या लेखी प्रथिन म्हणजे अवजार. ते तयार होतं एका लांब माळेसारखं. अमिनो आम्लांचे मणी एकामागोमाग ओवलेले. पण माळ लांबलचक सुटी असेल तोवर तिचा उपयोग शून्य. ती दुमडून, वळून, ठरलेल्या आकारात बसली की मगच ती काम करते. कागद तोच, पण घड्या एका पद्धतीनं घातल्या तर होडी होते, दुसऱ्या पद्धतीनं घातल्या तर विमान, आणि कशाही घातल्या तर नुसता चुरगळा.

योग्य घडी कोणती, हे माळेतल्या मण्यांच्या क्रमातच दडलेलं असतं. हे दाखवून देणाऱ्या ख्रिश्चन ॲन्फिन्सन यांना १९७२ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. नुसत्या क्रमावरून घडी ओळखणाऱ्या संगणकी पद्धतीला ते २०२४ साली मिळालं. त्या बातमीनंतर अनेकांचा असा समज झाला की घड्यांचा प्रश्न आता संपला. तसं नाही. घडी कशी असायला हवी ते कळलं. थकलेल्या, उपाशी पेशीत ती कुठे आणि का बिघडते, हे वेगळंच प्रकरण आहे.

घडी बिघडली की दोन गोष्टी होतात. अवजार निकामी होतं, हे उघड आहे. दुसरी गोष्ट जास्त त्रासदायक. नीट घडी पडलेल्या प्रथिनाचे चिकट भाग आत दडलेले असतात. घडी चुकली की ते बाहेर येतात आणि अशी प्रथिनं एकमेकांना चिकटून गठ्ठे बनवू लागतात. अंडं उकडल्यावर पांढरा भाग घट्ट होतो तो याच कारणानं: उष्णतेनं घड्या सुटतात, प्रथिनं एकमेकांत गुंततात, आणि ते अंडं पुन्हा पातळ होत नाही.

पेशीतलं घडीघर आणि त्याचे पहारेकरी

पेशीबाहेर पाठवायची आणि पेशीच्या आवरणात बसवायची प्रथिनं एका खास दालनात घडवली जातात. शास्त्रीय नाव एंडोप्लाझमिक रेटिक्युलम. हे नाव एकदा वाचून सोडून द्या. आपण त्याला घडीघर म्हणू. पेशीतली साधारण एक तृतीयांश प्रथिनं इथून जातात. तिथे मदतनीस प्रथिनं असतात, ती नव्या माळेला धरून ठेवतात, भलतीकडे चिकटू देत नाहीत. घडी पक्की राहावी म्हणून काही ठिकाणी टाके घातले जातात, आणि त्या टाक्यांना ऑक्सिजन लागतो. वर साखरेच्या साखळ्या जोडल्या जातात, त्यांना ग्लुकोज लागतं. शिवाय ऊर्जा आणि कॅल्शियम. यातलं काहीही कमी पडलं की घड्या अर्धवट राहतात आणि दालनात ढीग साचतो. या अवस्थेलाच घडीघराचा ताण म्हणतात. बातमीतला 'पेशीवरचा ताण' तो हाच.

मदतनिसांपैकी एकाच्या नावातच हा इतिहास आहे. १९७०च्या दशकात शास्त्रज्ञांना दिसलं की पेशींना ग्लुकोजसाठी उपाशी ठेवलं की एक विशिष्ट प्रथिन वाढतं. म्हणून त्याचं नाव पडलं ग्लुकोज-रेग्युलेटेड प्रोटीन ७८. ते घड्या सांभाळणारं मदतनीस आहे हे नंतर उलगडलं. आज वारेच्या नमुन्यात ते वाढलेलं दिसलं की संशोधक समजतात, घडीघर अडचणीत आहे.

ढीग साचू लागला की पेशी स्वस्थ बसत नाही. घडीघराच्या भिंतीत तीन पहारेकरी प्रथिनं असतात. एक जण नव्या मालाची आवक कमी करायला लावतो. दुसरे दोघे जास्त मदतनीस बनवून घेतात, दालन मोठं करतात, आणि न सुधारणारा माल मोडीत काढायची सोय करतात. ही यंत्रणा उलगडणाऱ्या काझुतोशी मोरी आणि पीटर वॉल्टर यांना २०१४ साली लास्कर पुरस्कार मिळाला. एवढं करूनही ढीग हटला नाही, तर तेच पहारेकरी पेशीला स्वतःचा शेवट करायचा हुकूम देतात.

मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतं ते पहिल्या पहारेकऱ्याचं वागणं. सिंकमध्ये भांडी साचली की स्वयंपाक थोडा थांबवायचा, हा शहाणपणा आहे. पण तो आठवडेच्या आठवडे थांबला तर घर उपाशी राहील. वारेत तेच घडतं. आवक कमी करायची म्हणजे नवी प्रथिनं बनवणं कमी करायचं. त्यात पेशींना वाढायला लावणारी प्रथिनंही आली. मग वार खुरटते, आणि खुरटलेल्या वारेवर पोसलेलं बाळही लहान राहतं. केंब्रिज विद्यापीठात ग्रॅहॅम बर्टन यांच्या गटानं २००८ साली, वाढ खुंटलेल्या बाळांच्या वारेत नेमकं हे दाखवलं: घडीघर ताणाखाली, आणि प्रथिनांचं उत्पादन दबलेलं. सोबत प्रीएक्लॅम्प्सियाही असेल तर ताण आणखी जास्त. बाळाचं वजन कमी भरलं की सगळ्यांची नजर आईच्या खाण्याकडे जाते. पुष्कळदा आईनं खाल्लेलं पोचवणारी वारच आखडलेली असते.

मुळात ताण येतो कुठून? नळीच्या तोंडावरचा अंगठा

यासाठी गरोदरपणाच्या पहिल्या चार-साडेचार महिन्यांत जावं लागतं. गर्भाशयाच्या अस्तरात आईच्या बारीक, नागमोडी रोहिण्या, म्हणजे रक्त आणणाऱ्या वाहिन्या असतात. वार रुजताना तिच्या काही पेशी या रोहिण्यांत घुसतात आणि त्यांच्या भिंतीतले स्नायू काढून टाकतात. अरुंद, आकसू शकणारी नळी जाऊन तिथे कर्ण्यासारखं रुंद, सैल तोंड तयार होतं. आईच्या शरीरानं तोंड आवळायचं म्हटलं तरी ते आता आवळत नाही. रक्त संथपणे वारेत उतरत राहतं.

प्रीएक्लॅम्प्सियात, विशेषतः लवकर सुरू होणाऱ्या प्रकारात, हे काम अर्धवट राहतं. तोंड अरुंदच राहतं आणि स्नायूही शिल्लक राहतात. मग रक्त कमी पडतं, एवढंच आपल्या मनात येतं. ते खरं आहे, पण अर्धंच. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला तर काय होतं? पाण्याचा जोर वाढतो. बर्टन यांच्या गटानं गणित मांडलं तेव्हा दिसलं की नीट रुंदावलेल्या तोंडातून रक्त सेकंदाला साधारण १० सेंटिमीटर वेगानं येतं. न रुंदावलेल्या तोंडातून एक ते दोन मीटर वेगानं. नाजूक तंतूंवर हा झोत आदळतो, त्यांना फाडतो, बाजूला सारतो. शिवाय स्नायू शिल्लक असल्यानं नळी मधूनच आवळते आणि मधूनच सुटते. ऑक्सिजन येतो, जातो, पुन्हा येतो.

पेशीला सतत थोडा कमी ऑक्सिजन एक वेळ चालतो. पहिल्या तिमाहीत तर वार कमी ऑक्सिजनमध्येच वाढते. तिला झेपत नाही ती ही उघडझाप. ऑक्सिजन एकदम परतला की फ्री रॅडिकल म्हणजे समोर येईल त्याची मोडतोड करणारे आततायी रेणू तयार होतात, आणि घडीघरातलं टाके घालण्याचं काम कोलमडतं. ताणाचं बी इथे पडतं. लक्षणं मात्र २० आठवड्यांनंतर, कधी कधी ३० आठवड्यांनंतर दिसतात. म्हणून 'मागच्या महिन्यात तर सगळं नॉर्मल होतं' हे वाक्य खरं असूनही फसवं असतं.

वार आजारी, मग बीपी आईचं का वाढतं?

कारण वारेचा तो थर आईच्या रक्तात बुडालेला आहे. तो दुखावला की त्याचे तुकडे, सूक्ष्म पुड्या आणि रसायनं थेट आईच्या रक्तात जातात.

यातलं एक रसायन २००३ साली अनंत करुमांची आणि सहकाऱ्यांनी पकडलं. नाव एस-फ्लिट-१. रक्तवाहिन्यांच्या अस्तराला निरोगी ठेवणारे काही संदेशवाहक रक्तात फिरत असतात. वारेत बनणारा प्लॅसेंटल ग्रोथ फॅक्टर त्यांपैकी एक. एस-फ्लिट-१ हे संदेशवाहक स्पंजासारखं शोषून घेतं. अस्तराला निरोप पोचत नाही, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं. मूत्रपिंडातल्या गाळणीचं अस्तर तर याच निरोपांवर जगतं. ते सुजतं आणि रक्तातली प्रथिनं लघवीत गळू लागतात. या संशोधकांनी एस-फ्लिट-१ उंदरांमध्ये वाढवलं तेव्हा त्यांचं बीपी चढलं आणि लघवीत प्रथिनं आली, गरोदर नसलेल्या उंदरांमध्येसुद्धा. कॅन्सरवरच्या बेव्हॅसिझुमॅब या औषधाचा आधार इथे आणखी बोलका आहे. ते त्याच संदेशवाहकांपैकी एकाला अडवतं, आणि बीपी वाढणं व लघवीत प्रथिनं जाणं हेच त्याचे ओळखीचे दुष्परिणाम आहेत.

घडीघराचा यात काय संबंध? केंब्रिजच्या गटानं पुढे दाखवलं की घडीघर ताणाखाली आलं की पेशी प्लॅसेंटल ग्रोथ फॅक्टर बनवणंच कमी करते. म्हणजे चांगला निरोप आधीच कमी लिहिला जातो, आणि लिहिलेलाही स्पंज शोषून घेतो.

कापडाचा रंग आणि लघवीचा थेंब

काँगो रेड हा सुती कापड रंगवायचा लाल रंग १८८३ साली जर्मनीत पॉल बॉटिगर यांनी तयार केला. १९२२ साली हर्मन बेनहोल्ड यांना आढळलं की तो अमायलॉइडला घट्ट धरतो. अमायलॉइड म्हणजे घडी चुकलेल्या प्रथिनांचे धागेदार गठ्ठे. अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूत साचतात तेही याच जातीचे. तेव्हापासून तो रंग प्रयोगशाळांत वापरात आहे.

इरिना बुहिम्शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रंग गरोदर स्त्रियांच्या लघवीत मिसळून पाहिला. थेंब कागदावर टाकायचा, मग धुवायचा. नेहमीच्या लघवीतला रंग धुवून जातो. प्रीएक्लॅम्प्सिया असलेल्यांच्या लघवीतला लाल डाग राहतो, कारण तिथली घडी चुकलेली प्रथिनं रंग सोडत नाहीत. २०१४ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्याच आजारी वारेतही असे गठ्ठे दिसले. दुसऱ्या एका गटाला, सुरेंद्र शर्मा यांच्या, रुग्णांच्या रक्तात ट्रान्सथायरेटिन या प्रथिनाचे गठ्ठे मिळाले. गरोदर उंदरांना असं रक्तद्रव्य टोचल्यावर प्रीएक्लॅम्प्सियासारखी लक्षणं आली, आणि नीट घडीचं ट्रान्सथायरेटिन दिलं तर ती टळली.

गठ्ठे साचण्याला दुसरीही बाजू आहे: कचरा उचलणं. पेशी स्वतःतला निकामी माल एका पिशवीत गुंडाळून पचवून टाकते. या प्रक्रियेला ऑटोफॅजी म्हणतात. तिच्या संशोधनासाठी योशिनोरी ओहसुमी यांना २०१६ साली नोबेल मिळालं. प्रीएक्लॅम्प्सियातल्या वारेत ही कचरागाडीही मंदावलेली दिसते. माल बिघडतोय आणि उचलला जात नाही, अशी दुहेरी अडचण.

'अल्झायमरसारखा' म्हणजे आईला अल्झायमर होणार?

असा अर्थ काढता येत नाही. प्रथिनांची घडी चुकून गठ्ठे होणं ही एक रीत आहे, आणि ती बऱ्याच आजारांत दिसते. गंज सायकललाही लागतो आणि पुलालाही; म्हणून सायकल पूल होत नाही. बाळाला अल्झायमर 'लागतो' असंही काही नाही. बातमीच्या मथळ्याला ही उपमा सोयीची असते. वाचणाऱ्या गरोदर बाईची झोप उडते, त्याचा विचार मथळा लिहिणारा करत नाही.

हे आजाराचं कारण आहे, की नुसता परिणाम?

हा आक्षेप सगळ्यांत रास्त आहे. वार हातात येते ती बाळंतपणानंतर, म्हणजे आग विझल्यावर राख तपासावी तशी. त्यात आणखी एक गोम आहे. प्रसूतीच्या कळांमध्ये गर्भाशय आवळतं तेव्हा वारेचा रक्तपुरवठा मधूनमधून तुटतो, म्हणजे कळांमुळेच पेशींवर ताण येतो. नैसर्गिक बाळंतपणानंतरच्या वारेत ताण दिसला तर तो आजाराचा की कळांचा? म्हणून काळजीपूर्वक काम करणारे गट कळा सुरू होण्याआधी सिझेरियन झालेल्यांचीच वार निवडतात आणि काही मिनिटांत नमुने गोठवतात. असा फरक न करणाऱ्या अभ्यासाकडे मी तरी सावधपणेच बघेन.

दुसरं असं की सगळ्या रुग्णांत हे सारखं नसतं. केंब्रिजच्याच २०१४च्या अभ्यासात ३४ आठवड्यांच्या आत सुरू झालेल्या प्रीएक्लॅम्प्सियात घडीघराचा ताण ठळक होता, उशिरा सुरू झालेल्यात मात्र तो नेहमीच्या वारेपेक्षा फारसा वेगळा नव्हता. म्हणजे एकाच नावाखाली बहुधा दोन वेगळे आजार वावरतायत. उशिराच्या प्रकारात आईचं आधीचं वजन, बीपी, मधुमेह यांचा आणि पूर्ण वाढून जागा अपुरी पडलेल्या वारेचा वाटा जास्त असावा, असा सध्याचा कल आहे. उंदरांवरचे प्रयोग आणि प्रयोगशाळेतल्या पेशी पाहता ताण हा केवळ परिणाम नाही, साखळीतला एक दुवा आहे, एवढं म्हणायला पुरेसा आधार आहे. पहिला दुवा मात्र रोहिण्यांचं अर्धवट राहिलेलं काम.

लघवीत प्रथिनं जातायत, मग खाण्यातली कमी करू?

नको. हा गैरसमज फार पसरलेला आहे. खाल्लेलं प्रथिन पोटात अमिनो आम्लांपर्यंत मोडतं. ते अख्खं लघवीत जात नाही आणि वारेत जाऊन घडीही बिघडवत नाही. लघवीत येतं ते आईच्या स्वतःच्या रक्तातलं, मुख्यतः अल्ब्युमिन, आणि ते येतं गाळणी गळकी झाल्यामुळे. खाणं तोडून गाळणी दुरुस्त होत नाही, उलट बाळाचं नुकसान होतं.

अँटिऑक्सिडंट घेतले तर?

कागदावर कल्पना उत्तम. फ्री रॅडिकलमुळे बिघाड होतो, तर ते शमवणारी जीवनसत्त्वं द्या. जोखीम असलेल्या स्त्रियांना क आणि ई जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत देऊन ब्रिटनमध्ये पाहिलं गेलं. २००६ साली निकाल आला: प्रीएक्लॅम्प्सिया टळला नाही, उलट कमी वजनाची बाळं जास्त जन्मली. पेशीतली प्रक्रिया कळणं आणि ती गोळीनं सुधारता येणं यांत किती अंतर असतं, ते या निकालानं दाखवलं. घडी सुधारायला मदत करणारी रसायनंही आहेत, आणि ती वारेच्या पेशींवर प्रयोगशाळेत तपासली गेली आहेत. पण गरोदर बाईला देण्याच्या जवळपासही ती आलेली नाहीत. पहारेकऱ्यांची यंत्रणा निरोगी पेशीलाही हवी असते. ती सरसकट बंद करणं म्हणजे धूर येतो म्हणून धोक्याची घंटाच काढून टाकणं.

मग आज हाताशी काय आहे?

ॲस्पिरिन आहे, आणि वेळेवर दिली तर ती चांगलीच उपयोगी पडते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, जास्त जोखीम असलेल्या स्त्रियांना ११ ते १४ आठवड्यांपासून ३६ आठवड्यांपर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिली गेली. ३७ आठवड्यांच्या आतलं बाळंतपण करावं लागणारा प्रीएक्लॅम्प्सिया ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. सुरुवात इतक्या लवकर का, ते रोहिण्यांची गोष्ट वाचल्यावर लक्षात येईल. आधी प्रीएक्लॅम्प्सिया झालेला असणं, जुनं बीपी, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, ल्युपससारखा आजार, जुळं, यांपैकी काही असेल तर पहिल्या तिमाहीतच डॉक्टरांना विचारा. स्वतःहून मात्र गोळी सुरू करू नका. आहारात कॅल्शियम कमी असेल तर पूरक कॅल्शियमची शिफारस आहे.

एस-फ्लिट-१ आणि प्लॅसेंटल ग्रोथ फॅक्टर यांचं रक्तातलं गुणोत्तर मोजणारी तपासणी आता उपलब्ध आहे. संशयित रुग्णात ते ३८ किंवा त्याखाली असेल तर पुढच्या आठवड्यात आजार होण्याची शक्यता फार कमी असते, आणि अनेकींचं दाखल होणं टळतं. काँगो रेडची तपासणी अजून नेहमीच्या वापरात आलेली नाही. आकडी टाळायला मॅग्नेशियम सल्फेट आहे. २००२ साली १० हजारांहून जास्त स्त्रियांवर झालेल्या चाचणीत त्यानं आकडीचा धोका निम्म्याहून कमी केला. औषध जुनं आणि स्वस्त आहे, तरी या आजारात त्याच्या तोडीचं दुसरं नाही.

आणि बीपीचा पट्टा. वारेतलं काहीही दिसत नसताना पहिली चाहूल बहुधा तोच देतो. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं किंवा धूसर दिसणं, बरगड्यांखाली उजवीकडे दुखणं, चेहऱ्याला नि हातांना अचानक सूज, धाप, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

वार निघाल्यावर सगळं संपलं?

जवळजवळ. बीपी बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात पुन्हा चढू शकतं, आणि कधी कधी आजार तेव्हाच पहिल्यांदा उघड होतो. वरची लक्षणं बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांतही तितकीच गंभीर समजायची. घरी गेल्यावर सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं आणि आईचं डोकं दुखतंय ते जागरणामुळे असं धरून चालतात.

पुढच्या आयुष्यात अशा स्त्रियांना हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो. वारेनं रक्तवाहिन्यांवर काही छाप सोडली, की रक्तवाहिन्या आधीपासूनच नाजूक होत्या आणि गरोदरपणानं ते उघड केलं, यावर वाद चालू आहे. काहीही असलं तरी वर्षातून एकदा बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासायचं. पन्नाशीत नव्या डॉक्टरकडे गेल्यावर 'पूर्वीचा काही आजार?' असं विचारलं, की बहुतेक जणी 'काही नाही' म्हणतात. तिथे पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्या बाळंतपणातलं बीपी सांगायचं असतं.